शेड्यूल डी, भाग २: जुन्या इमारतींचे इझमेंट सांभाळणाऱ्या अमेरिकन संस्थेचं रिटर्न नागपुरात बसून कसं तयार करायचं

शेड्यूल डी म्हणजे अमेरिकन धर्मादाय संस्थेच्या वार्षिक रिटर्नला, फॉर्म ९९०ला, जोडायची पुरवणी. तिचा दुसरा भाग भरायला बसताना ट्रायल बॅलन्स बंद करून ठेवा. आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते, आणि मॅडमला ऊन लागलं की काय अशा नजरेने तो माझ्याकडे पाहतो. बीकॉम झालेल्या माणसाच्या हाताला आकड्यांची सवय. रिटर्न म्हटलं की आधी खातेवही उघडायची. पण या भागातल्या नऊ ओळींपैकी डॉलर मागणारी ओळ एकच आहे. बाकीच्या ओळींना एवढंच जाणून घ्यायचं असतं की ज्या इमारतींचे तुम्ही राखणदार म्हणवता, त्यांच्याकडे तुम्ही खरंच लक्ष ठेवता का.

मी एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे आयआरएससमोर, अमेरिकेच्या करखात्यासमोर, करदात्याची बाजू मांडायची परवानगी असलेली. ऑफिस रामदासपेठेत. तिकडच्या छोट्या सीपीए (आपल्या सीएसारख्या) फर्म्स धर्मादाय संस्थांची फॉर्म ९९० रिटर्न आमच्याकडून तयार करून घेतात, तपासतात आणि सही करून पाठवतात. चर्च, शाळा, कुत्र्या-मांजरांची आश्रयस्थानं असं सगळं असतं. त्यात काही संस्था ऐतिहासिक इमारतींचे इझमेंट धारण करणाऱ्या असतात, आणि त्यांची फाइल आली की पोरं ती एकमेकांच्या टेबलावर सरकवत बसतात. हे लिखाण त्या पोरांसाठी, आणि नागपुरात, पुण्यात असंच काम करणाऱ्या बाकीच्यांसाठी.

आधी ही भानगड काय ते

आपल्याकडे इमारत हेरिटेज ठरते ती सरकारी यादीमुळे. यादीत नाव आलं की बदलाच्या परवानगीसाठी महापालिकेच्या हेरिटेज समितीकडे जावं लागतं, आणि महालातला वाडेवाला वैतागलेला असतो, कारण बंधन आलं पण हातात काही पडलं नाही. अमेरिकेतही स्थानिक नियम आहेतच. पण इझमेंट ही वेगळी गोष्ट. तिथे मालक स्वतःहून एक डीड, म्हणजे दस्त, करतो आणि इमारतीचं बाह्यरूप बदलायचा आपला हक्क एखाद्या संस्थेच्या हवाली करतो. मालकी त्याचीच राहते, राहतोही तोच, भाडंही तोच घेतो. संस्थेला मिळतो तो फक्त ‘नाही’ म्हणायचा आणि ऐकलं नाही तर कोर्टात जायचा हक्क. डीडची नोंदणी होते आणि पुढच्या प्रत्येक मालकाला ते बांधील राहतं, कायमचं. करकायद्याच्या कलम १७०(एच)ची अटच तशी आहे. वीस किंवा पन्नास वर्षांचं इझमेंट चालत नाही.

मालकाला यातून काय मिळतं? करसवलत. बंधनामुळे मालमत्तेची किंमत जेवढी उतरते, तेवढी देणगी त्याने दिली असं धरतात. समजा, बंधनाआधी इमारत १० लाख डॉलरची होती आणि नंतर ९ लाखांची राहिली, तर देणगी १ लाखाची. हा आकडा पात्र मूल्यांकनकार ठरवतो. तो फुगवायचा मोह किती असतो हे सांगायला नको, आणि म्हणूनच आयआरएसने या प्रकारावर डोळे वटारलेले आहेत. संस्थेच्या फॉर्मवरचे सगळे प्रश्न या संशयातून आलेले आहेत, एवढं लक्षात ठेवलं की ते आपोआप उलगडत जातात.

कोणता फॉर्म

हे पटकन सांगून टाकते. ढोबळ उत्पन्न साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या संस्थेला ९९०-एनची ई-पोस्टकार्ड पुरते. ढोबळ उत्पन्न २ लाख डॉलरपेक्षा कमी आणि एकूण मालमत्ता ५ लाखांपेक्षा कमी असेल तर ९९०-ईझेड चालतो, आणि त्याला शेड्यूल डी लागत नाही. त्यावर गेलात की पूर्ण ९९०. त्यात भाग ४ची ओळ ७ विचारते की संस्थेने इझमेंट घेतलं किंवा धारण केलं का. नीट वाचा, ‘किंवा’ आहे. यंदा नवीन एकही आलं नाही, पण १९८५ सालचं एक कपाटात आहे, तरी उत्तर ‘हो’, आणि शेड्यूल डीचा भाग २ भरायचा. मागच्या वर्षी ‘हो’ आणि यंदा ‘नाही’ असेल तर इझमेंट गेलं कुठे, हा प्रश्न येणारच.

रजिस्टर

इथे मी वेळ घेणार आहे. कारण संस्थेकडच्या इझमेंटची नोंदवही, म्हणजे रजिस्टर, चांगलं असेल तर भाग २ एका दुपारचं काम आहे, आणि नसेल तर कितीही हुशार माणूस बसवा.

बऱ्याच छोट्या संस्थांकडे रजिस्टर नसतंच. डीड्स असतात, कधी स्कॅन केलेली, कधी कुणा जुन्या विश्वस्ताच्या घरच्या खोक्यात. अशा वेळी डीड्स मागवा आणि एकेक वाचा. हो, सगळी. इंग्रजी कायद्याचं असतं, पल्लेदार वाक्यं असतात, पण चार-पाच वाचली की साचा कळतो. प्रत्येक डीडसाठी एक ओळ करा आणि तिच्यात एवढं टिपा: मालमत्तेचा पत्ता आणि राज्य; डीडची आणि नोंदणीची तारीख; किती जमिनीवर बंधन आहे, एकरात; इमारत स्वतः नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, आहे की नोंदलेल्या ऐतिहासिक परिसरात आहे; परिसरात असेल तर गृहखात्याच्या मंत्र्यांच्या वतीने नॅशनल पार्क सर्व्हिसने दिलेलं महत्त्वाचं प्रमाणपत्र फाइलीत आहे का; बंधन कशाकशावर आहे; गहाणखत असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेने आपला हक्क इझमेंटच्या खाली ठेवायला संमती दिली आहे का; इझमेंट घेताना इमारतीची जी मूळ स्थिती नोंदवली ते फोटो आणि नकाशे कुठे आहेत; शेवटची पाहणी कधी झाली; आणि आजवर डीडमध्ये काही दुरुस्ती झाली का. त्यांचं गृहखातं पोलिसांचं नव्हे बरं, तिथे ते जमीन, उद्यानं आणि वारसा पाहतं.

‘मॅडम, बँकेचं कायले?’ असा प्रश्न दरवर्षी येतो. फॉर्मवर ते कुठेच विचारलेलं नाही, बरोबर. पण बँकेने संमती दिली नसेल आणि उद्या कर्ज थकून इमारतीचा लिलाव झाला, तर इझमेंट पुसलं जाऊ शकतं. मग ते कायमचं कसलं? देणगीदाराची वजावट त्यावर उडू शकते. हे रिटर्न भरणाऱ्याला दिसलं तर त्याने सीपीएच्या कानावर घालावं. आपण नागपुरात बसलो म्हणून फक्त टायपिस्ट नाही.

ओळ १ आणि २

ओळ १वर उद्देशांच्या चौकटी आहेत: लोकांच्या वापरासाठी जमीन, नैसर्गिक अधिवास, मोकळी जागा, ऐतिहासिक महत्त्वाचा भूभाग, आणि प्रमाणित ऐतिहासिक वास्तू. लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करायची. उद्देश डीडमध्ये लिहिलेला असतो, तिथूनच घ्या. जुनी हवेली आणि तिच्याभोवती मोठी बाग असेल तर दोन-तीन खुणाही होतात. संस्थेच्या नावात ‘हिस्टॉरिक’ आहे म्हणून फक्त शेवटच्या चौकटीवर खूण करून मोकळं होऊ नका.

ओळ २ वर्षअखेरची मोजणी आहे: २ए म्हणजे एकूण इझमेंट, २बी एकूण एकर, २सी त्यांपैकी प्रमाणित ऐतिहासिक वास्तूंवरची. आणि मग येते २डी, जिथे सगळे अडखळतात.

२डीमध्ये २सीपैकी अशी इझमेंट मोजायची जी २५ जुलै २००६ नंतर मिळाली आणि ज्यांची इमारत स्वतः नॅशनल रजिस्टरमध्ये नाही. काही जुन्या वर्षांच्या फॉर्मवर तारीख १७ ऑगस्ट २००६ छापलेली आहे. तुमच्या वर्षाचा फॉर्म पाहा आणि त्यावर जे छापलं असेल ते पाळा. ही तारीख आली २००६च्या पेन्शन प्रोटेक्शन कायद्यातून. त्याआधी काय चालायचं ते समजायला इतवारीत एक चक्कर मारा. कोरीव लाकडी सज्जाचं जुनं घर दिसतं, बाजूच्या बोळीत शिरलं की मागे तीन मजल्यांची स्लॅब उभी. समोरून वारसा आणि मागून बिल्डर. तिकडेही केवळ दर्शनी भिंतीचं इझमेंट देऊन लोक वजावट घेत होते. कायदा बदलला आणि ऐतिहासिक परिसरातल्या इमारतींसाठी तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या. बंधन संपूर्ण बाह्यरूपावर हवं: पुढची बाजू, कडेच्या बाजू, मागची बाजू आणि उंचीसुद्धा. इमारतीच्या ऐतिहासिक रूपाशी विसंगत असा बाहेरचा कुठलाही बदल निषिद्ध हवा. आणि देणगीदार व संस्था यांच्यात लेखी करार हवा, खोटं बोलल्यास शिक्षेच्या जबाबदारीवर केलेला, की ही संस्था पात्र आहे, वारसा जपणं हा तिचा उद्देश आहे, आणि बंधन राबवायला लागणारी साधनं व तयारी तिच्यापाशी आहे.

नॅशनल रजिस्टरमध्ये स्वतंत्रपणे नोंदलेल्या इमारतीला ही वाढीव अट नाही. म्हणून आपल्या रजिस्टरमधला ‘स्वतः नोंदलेली की परिसरात’ हा रकाना इतका महत्त्वाचा. ‘इट इज ऑन द नॅशनल रजिस्टर’ असं क्लायंट फोनवर ठासून सांगतो, आणि पाहायला गेलं तर नॅशनल रजिस्टरमध्ये त्याचा सगळा मोहल्ला असतो, घर नव्हे. क्लायंटच्या शब्दावर जाऊ नका, नोंदणीचा कागद मागा.

ओळ ८ इथेच जोडून पाहायची, कारण ती २डीमधल्या प्रत्येक इझमेंटबद्दल विचारते की कलम १७०(एच)(४)(बी)च्या पहिल्या दोन अटी पूर्ण आहेत का. पहिली अट बाह्यरूपाची (वरच्या पहिल्या दोन गोष्टी तिच्यातच येतात), दुसरी त्या लेखी कराराची. समजा, २डीमध्ये ७ आहेत आणि ६ फाइलींत करार सापडला. तर उत्तर ‘हो’ नाही. प्रश्नात ‘प्रत्येक’ आहे. सातवा करार शोधायला सांगा, आणि नाहीच सापडला तर काय लिहायचं ते सीपीए आणि त्यांचा वकील ठरवतील. सॉफ्टवेअरने मागच्या वर्षीचं ‘हो’ आपोआप उचललंय म्हणून ते ठेवून देणं, हे मात्र माझ्या ऑफिसात चालत नाही.

ओळ ३: ‘किरकोळ दुरुस्ती’

वर्षभरात किती इझमेंट बदलली, हस्तांतरित झाली, सोडली, रद्द झाली किंवा संपली, ते इथे मोजायचं, आणि प्रत्येकाचा खुलासा शेड्यूल डीच्याच भाग १३मध्ये द्यायचा. संस्थेच्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘नो, नथिंग.’ मग तुम्ही बैठकींची इतिवृत्तं वाचता आणि सापडतं की एका मालकाशी सीमेचं थोडं जुळवून घेतलं, दुसऱ्या डीडमध्ये टायपिंगची चूक म्हणून एक कलम बदललं.

फॉर्मच्या सूचना इथे फार रोखठोक आहेत. नाव वेगळं दिलं म्हणून नोंद टळत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय, आणि उदाहरणं अदलाबदल आणि सीमारेषा जुळवणं हीच दिली आहेत. डीडच्या अटींत कोणत्याही प्रकारे बदल झाला की तो बदल. त्यातून बंधन वाढलं असलं तरीही. मालकाने आणखी अर्धा एकर बंधनाखाली दिला, चांगलीच गोष्ट झाली, तरी ती ओळ ३मध्ये येते. संस्थेने आपला हक्क दुसऱ्या संस्थेला दिला, पैसे घेऊन असो की फुकट, तेही येतं. ‘करेक्शन डीड’ हे शब्द दिसले की थांबा आणि जुनं व नवं डीड शेजारी ठेवून वाचा.

इमारत आगीत गेली तर? तेवढ्याने इझमेंट संपत नाही. नियमांनुसार ते संपवायला कोर्टाची प्रक्रिया लागते, आणि मग जमीन विकून जे पैसे येतील त्यात इझमेंटच्या मूळ मूल्याच्या प्रमाणात संस्थेचा वाटा असतो. असं काही झालं असेल तर ते नुसत्या ओळ ३पुरतं राहत नाही, उत्पन्नातही दिसायला हवं.

ओळ ४ राज्यांची संख्या विचारते. रजिस्टरमधला रकाना मोजा आणि पुढे चला.

ओळ ५, ६, ७: पाहणी

पाहणी, उल्लंघन आणि अंमलबजावणी यांचं लेखी धोरण आहे का, हे ओळ ५ विचारते. ‘हो’ असेल तर भाग १३मध्ये त्याचा सारांश द्यायचा आणि ते धोरण डीड्समध्येही उतरलंय का तेही सांगायचं. सारांश लिहिताना धोरण समोर ठेवा. वर्षातून एकदा जागेवर भेट, भेटीत मूळ फोटोंशी ताडून पाहणं, उल्लंघन दिसलं तर किती दिवसांत मालकाला पत्र, त्यानंतर काय, शेवटी कोर्टात जायचा निर्णय कोण घेतो, एवढं चार-पाच वाक्यांत बसतं. धोरणात नसलेलं काही छान वाटतं म्हणून घालू नका. फॉर्म ९९० सार्वजनिक असतो; संस्थेला मागच्या तीन वर्षांची रिटर्न मागेल त्याला दाखवावी लागतात. ‘आम्ही दरवर्षी प्रत्येक इमारतीला भेट देतो’ असं तुम्ही लिहिलंत आणि शेजारचा मालक म्हणाला की माझ्याकडे तर दहा वर्षांत कुणी फिरकलं नाही, तर ते वाक्य कोर्टात संस्थेच्या विरुद्ध उभं राहील.

ओळ ६मध्ये पाहणी आणि अंमलबजावणीवर कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी दिलेले तास. ओळ ७मध्ये त्याचा खर्च. इथे खरी गंमत. पुष्कळ संस्थांत पाहणी करतात ते निवृत्त वास्तुविशारद किंवा इतिहासाचे शिक्षक, एक पैसा न घेता. त्यांचे तास कुठेच लिहिलेले नसतात. मग ओळ ६वर १० तास आणि ओळ २एवर ४२ इझमेंट असा विनोद तयार होतो. वर्षभरात ४२ इमारती १० तासांत पाहिल्या? म्हणजे एका इमारतीला पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत. आयआरएसचा माणूस भागाकार करू शकतो.

याला उपाय एकच, नोंद वर्षभर ठेवायची. आम्ही क्लायंटला एक साधी शीट पाठवतो: तारीख, कोणती इमारत, कोण गेलं, किती वेळ, काय दिसलं. ‘काय दिसलं’ हा रकाना मी मुद्दाम घालायला लावला. प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या, विटांवर रंग फासला, छपरावर रस्त्यावरून दिसणारी सोलर पॅनल्स लावली, असं काही दिसलं की पुढचा पत्रव्यवहारही त्याच तासांत येतो. कारण अंमलबजावणी म्हणजे फक्त खटला नव्हे. मालकाला त्याची जबाबदारी समजावणारं पत्रही अंमलबजावणीच. वर्षभर शीट भरलेली असली की ओळ ६ला बेरीज लागते, अंदाज नाही. खर्चाच्या बाजूने वकिलाचं बिल, पाहणाऱ्याचा प्रवास, पगारी माणसाच्या वेळेचा हिस्सा. हा हिस्सा मुख्य फॉर्मच्या भाग ९मधल्या खर्चविभागणीशी जुळायला हवा, एवढ्यापुरता तुमचा ट्रायल बॅलन्स आता उघडा.

पाहणीसाठी संस्थेने कायम निधी राखून ठेवला असेल, आणि इझमेंट देताना देणगीदाराकडून त्यासाठी रोख रक्कम घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तर तो निधी शेड्यूल डीच्या भाग ५मध्ये एंडोमेंट म्हणून दाखवावा लागेल का, तेही पाहा. मुख्य फॉर्मच्या भाग ४ची ओळ १० तिकडे नेते. पोरं भाग २ संपवून सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढच्याच पानावरचा भाग ५ विसरतात.

ओळ ९ आणि शून्याचा प्रश्न

संस्था आपल्या हिशेबात इझमेंट कशी दाखवते, ते ओळ ९साठी भाग १३मध्ये लिहायचं, आणि ऑडिट अहवालात त्यावर टीप असेल तर ती जशीच्या तशी द्यायची. जशीच्या तशी म्हणजे कॉपी-पेस्ट. तुमचं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं असलं तरी.

नवख्यांना न पटणारी गोष्ट ही की पुष्कळ संस्था इझमेंटची किंमत शून्य धरतात. देणगीदाराने १ लाख डॉलरची वजावट घेतली आणि घेणाऱ्याच्या पुस्तकात शून्य? हो. कारण संस्थेला त्या हक्कातून उत्पन्न काही नाही, विकून पैसे करता येत नाहीत, उलट दरवर्षी पाहणीचा खर्च मात्र आहे. देणगीदाराचं नुकसान मोजलं म्हणजे संस्थेचा फायदा मोजला असं होत नाही. फॉर्मला कोणती पद्धत आहे याच्याशी भांडण नाही. पुस्तकं, ऑडिट आणि रिटर्न तिन्हीकडे एकच हवी.

हीच शिस्त शेड्यूल एमला, म्हणजे रोख नसलेल्या देणग्यांच्या पुरवणीला, लागते. मुख्य फॉर्मच्या भाग ४ची ओळ ३० इझमेंटची देणगी मिळाली का विचारते, आणि तिथे ‘हो’ आलं की रक्कम कितीही असो, शेड्यूल एम भरायचं. २५,००० डॉलरची मर्यादा ओळ २९ची आहे, ३०ची नाही. शेड्यूल एमच्या ओळ १३वर ऐतिहासिक वास्तूंची इझमेंट येतात. संख्या लिहायची, आणि रकमेच्या रकान्यात मुख्य फॉर्मच्या भाग ८च्या ओळ १जीमध्ये जे धरलं तेच. तिथे शून्य तर इथे शून्य, आणि खालच्या खुलाशात कारण. देणगीदाराच्या मूल्यांकन अहवालातला आकडा उचलून इथे टाकला की भाग ८शी मेळ तुटतो, आणि आमच्याकडे तपासणीत सर्वांत जास्त वेळा परत जाणारं पान हेच.

देणगीदाराच्या कागदांवर संस्थेची सही

हे संस्थेचं रिटर्न नाही, पण क्लायंट विचारतोच.

५,००० डॉलरच्या वरच्या देणगीला देणगीदार फॉर्म ८२८३चा विभाग बी भरतो आणि संस्था त्यावर पोच म्हणून सही करते. सहीचा अर्थ मिळालं, एवढाच. मूल्य मान्य आहे असा नाही, आणि फॉर्मवर तसं छापलेलंही आहे. तरी कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करायची नाही, हे संस्थेला सांगून ठेवा. अशा किती फॉर्मांवर वर्षभरात सही केली ते शेड्यूल एमची ओळ २९ विचारते, म्हणून प्रत्येकाची प्रत ठेवायला लावा.

पोच-पत्र वेगळं. २५० डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या देणगीला ते लागतंच, आणि बदल्यात संस्थेने काही वस्तू किंवा सेवा दिली का, हे त्यात लिहिलेलं हवं. ‘काहीही दिलं नाही’ हे वाक्य नसल्यामुळे मोठ्या वजावटी कोर्टात बुडालेल्या आहेत. देणगीदाराने आपलं रिटर्न भरायच्या आत ते त्याच्या हाती पडलं पाहिजे. मागून तारीख टाकून दिलेलं चालत नाही.

परिसरातल्या इमारतीवर १०,००० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागणाऱ्या देणगीदाराला ५०० डॉलर शुल्क आयआरएसकडे भरावं लागतं, फॉर्म ८२८३-व्हीने. ते त्याचं काम. मूल्यांकन अहवाल, संपूर्ण बाह्यरूपाचे फोटो आणि विकासावरच्या बंधनांचं वर्णन रिटर्नला जोडणं हेही त्याचंच.

मिळालेला हक्क संस्थेने तीन वर्षांच्या आत दुसऱ्याकडे दिला तर फॉर्म ८२८२चा प्रश्न येतो. तो १२५ दिवसांत भरायचा असतो आणि प्रत देणगीदाराला द्यायची असते. त्याला अपवाद आहेत, ते वाचून ठरवा.

आणि देणगीदार भागीदारी संस्था असेल तर फाइलीवर लाल खूण करून लगेच सीपीएला कळवा. २९ डिसेंबर २०२२ नंतरच्या देणग्यांत, भागीदारांच्या मूळ गुंतवणुकीच्या अडीच पटीहून जास्त वजावट सर्वसाधारणपणे नाकारली जाते. प्रमाणित ऐतिहासिक इमारतींना त्यातून वगळलंय खरं, पण त्यांना जादा माहिती द्यावी लागते. हा प्रांत आपला नाही. आपलं काम ते वेळेत दिसणं.

वेळापत्रक

कॅलेंडर वर्षाच्या संस्थेची मुदत १५ मे. त्या दिवसांत नागपुरात काय उकडतं ते ज्यांनी दुपारी कूलरसमोर बसून डीड वाचलंय त्यांना माहीत. फॉर्म ८८६८ मुदतीत गेला की सहा महिने मिळतात, म्हणजे १५ नोव्हेंबर. भरणं ऑनलाइनच. सलग तीन वर्षं रिटर्न गेलं नाही तर करमुक्त दर्जा आपोआप जातो, आणि मग इझमेंट धरायची पात्रताच धोक्यात येते.

ऑनलाइन बैठक न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला ठेवली तर उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. तोवर रजिस्टरची ताजी प्रत, न सापडलेल्या कागदांची यादी, ओळ ३ची संशयित प्रकरणं आणि तासांची शीट पाठवलेली हवी. ज्यांनी मुदतवाढ घेतली त्यांनाही मी प्रश्न जूनमध्येच पाठवते. ऑक्टोबरमध्ये विचारलं तर मागच्या वर्षी एप्रिलमध्ये कोणत्या घराच्या मागच्या भिंतीजवळ किती वेळ उभे होतो, हे तिथल्या सत्तरीतल्या स्वयंसेवकाला सांगता येत नाही, आणि मग तो एक गोल आकडा देतो.